शाळेत घालणं सक्तीचं की शिकवणं सक्तीचं? होमस्कूलिंगवर तुमचे प्रश्न

मागच्या भागात जाता जाता होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा, विषय काढला आणि एवढे प्रश्न आले की आता अख्खा भागच त्यावर करावा लागतोय. निम्मे लोक "मूल आमचं आहे" म्हणून चिडलेत, उरलेले "ही रिकामटेकड्यांची थेरं" म्हणून. मी बरीच वर्षं शिक्षणाच्या कायद्यांवर काम करतेय आणि मध्ये दोन वर्षं धाकट्याला घरीही शिकवलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंचे टोमणे खाऊन झालेत.

प्रश्न : ताई, मूल जन्माला आम्ही घातलं, वाढवतोय आम्ही, मग त्याने कुठे शिकायचं हे सरकारने का ठरवायचं? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय ना की मूल सरकारच्या मालकीचं नाही? (एक बाबा)

सांगितलंय, साधारण त्याच अर्थाचं. केस १९२५ ची, ओरेगन राज्यातली. तिथे १९२२ मध्ये मतदान घेऊन कायदा आणला होता की ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं, खाजगी शाळा चालणार नाही. बोलायला गोड होतं, सगळी मुलं एकत्र शिकतील वगैरे, पण खरा डोळा कॅथलिक शाळांवर होता आणि कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वाची संघटना उघड उघड त्या कायद्याच्या पाठीशी होती. कोर्टाने तो रद्द केला आणि मूल ही काही राज्यसंस्थेची निर्मिती नव्हे असं ठणकावलं. तेव्हापासून होमस्कूलिंगवाल्यांच्या प्रत्येक भाषणात हे वाक्य येतंच.

पण बाबा, त्याच निकालातला दुसरा भाग कोणी वाचून दाखवत नाही. कोर्ट म्हणतं की शाळांची तपासणी करणं, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची परीक्षा घेणं, मुलांनी कुठल्या तरी शाळेत जायलाच हवं असं सांगणं, सरकारच्या या अधिकारांबद्दल इथे वादच नाहीये. म्हणजे हक्क मिळाला तो शाळा निवडायचा. घरी शिकवायचा मुद्दा त्या केसमध्ये नव्हताच.

हीच गंमत संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात. कलम २६ च्या पहिल्या भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं असेल असं म्हटलंय आणि तिसऱ्या भागात मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडायचा पहिला हक्क आईवडिलांचा असं म्हटलंय, एकाच कलमात दोन्ही, आणि जो तो आपापल्या सोयीचा भाग उचलतो. माझं विचाराल तर या दोन्ही भागांत भांडण नाहीच. कसं शिकवायचं ते तुम्ही ठरवा, पण शिकवायचंच की नाही हे ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिलेला नाही.

प्रश्न : मॅडम, मी ३४ वर्षं शिक्षक होतो. सक्ती नसती तर किती मुली शाळेत आल्या असत्या? होमस्कूलिंगचं कौतुक करताना हे विसरू नका. (एक निवृत्त शिक्षक)

सर, नाही विसरत. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाने १७६३ मध्ये शाळासक्तीचा फतवा काढला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये पहिला हजेरीसक्तीचा कायदा केला, आणि जिथे जिथे असे कायदे आले तिथे तिथे शेतात आणि कारखान्यात मुलांची गरज असलेल्या घरांनी कुरकुर केलीच. जे मूल घरात कमावतंय किंवा धाकटी भावंडं सांभाळतंय त्याच्या बाजूने बोलायला सरकारशिवाय कोण होतं? हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पण सक्ती कोणाच्या हातात आहे तेही बघायला हवं ना. कॅनडाने १९२० मध्ये कायदा करून मूळ रहिवाशांच्या मुलांना सक्तीने निवासी शाळांत पाठवायची सोय केली, मुलांना घरापासून तोडलं, स्वतःची भाषा बोललं तर शिक्षा, कितीतरी मुलं परत आलीच नाहीत. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. त्या आईवडिलांकडे "आमचं मूल आम्ही घरी शिकवू" म्हणायचा हक्क असता तर? म्हणून सर, सरकारला मुलाच्या हिताचं जास्त कळतं हे मला गृहीत धरता येत नाही. आईवडिलांना कळतंच हेही नाही येत धरता. दोन्हीकडून मुलं भरडली गेल्याचे दाखले आहेत आणि ते काही थोडेथोडके नाहीत.

प्रश्न : नवऱ्याची बदली जर्मनीत होतेय. मुलीला तीन वर्षं घरीच शिकवतेय, तिथेही चालू ठेवता येईल ना? (एक आई)

नाही. स्पष्टच सांगते कारण "बघू तिथे गेल्यावर" म्हणून गेलेले लोक अडकतात. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, १९१९ च्या वायमार राज्यघटनेपासूनच, आणि तिथे राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही ते लागू होतं. घरी उत्तम शिकवताय हा तिथे बचाव होत नाही. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, पण दंड होतो, हेस्सं राज्यात तर फौजदारी गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. काही आईवडील युरोपियन मानवी हक्क कोर्टापर्यंत गेले. २००६ मध्ये त्यांची तक्रार दाखलही करून घेतली नाही, सगळ्या थरांतली मुलं एकत्र वाढावीत आणि समाजात वेगवेगळी बेटं तयार होऊ नयेत ही जर्मनीची भूमिका कोर्टाला पटली. २०१९ मध्ये दुसरी केस होती, त्यात मुलांना जवळपास तीन आठवडे आईवडिलांपासून दूर ठेवलं होतं, तरी कोर्टाने जर्मनीचं काही चुकलं असं म्हटलं नाही.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये मात्र राज्यघटनेतच लिहिलंय की मुलाला सरकारी शाळेच्या तोडीचं शिक्षण आपण स्वतः देत असू तर शाळेत घालायची सक्ती नाही. म्हणजे जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं, डेन्मार्कमध्ये शिकणं सक्तीचं. हा एवढासा फरक मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. ऑस्ट्रियात घरी शिकवू देतात पण वर्षाच्या शेवटी मुलाला बाहेरून परीक्षा द्यावी लागते, नापास झालं तर शाळेत. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवलं की काम भागायचं, २०२१ च्या कायद्यानंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, आधी परवानगी घ्यावी लागते आणि कारणंही ठरावीक. स्वीडनने २०१० च्या कायद्याने दार जवळजवळ बंदच केलं. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, न घातलं तर पालकांना शिक्षा मात्र ठेवलेली नाही, म्हणून तिथे सगळं अर्धवट उजेडात चालतं.

तुम्हाला सल्ला एवढाच, निघायच्या आधी शाळेची चौकशी करा आणि मुलीला आत्ताच सांगा. विमानात सांगू नका.

प्रश्न : घरी शिकलेली मुलं टेस्टमध्ये शाळेतल्या मुलांपेक्षा खूप पुढे असतात असं रिसर्च सांगतो, मग सरकारचा विरोध कशासाठी?

ज्या रिसर्चवरून हे फिरतं त्यातला गाजलेला अमेरिकेतला १९९९ चा, २०,७६० मुलांचा. आकडा भारदस्त आहे, पण ती मुलं आली कुठून तर ज्या आईवडिलांनी स्वतःहून पैसे भरून टेस्ट घेतली त्यांच्या घरातून. ज्यांच्या घरी बोंब होती ते कशाला टेस्ट मागवतील? अभ्यास करणाऱ्यानेच बजावलं होतं की यावरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस ठरत नाही, पण ते कोण वाचतंय. घरी शिकलेल्या काही मुलांचं फार छान होतं, काहींचं वाटोळं होतं, आणि दुसरी मुलं सहसा मोजणीत येतच नाहीत.

प्रश्न : आणि सोशलायझेशन?

हा प्रश्न दर वेळी येतो. घरी शिकणारं मूल दिवसभर घरातच बसतं असं नाही, आणि शाळेत चाळीस मुलांत बसलेलं मूल एकटं नसतं असंही नाही. मूल आठवड्यात घराबाहेरच्या किती माणसांशी बोलतं ते मोजा, उत्तर मिळेल. पुढे जाऊ.

प्रश्न : रजिस्ट्रेशन मागणं म्हणजे आम्ही गुन्हेगार आहोत असं धरून चालणं. आज नाव मागतील, उद्या सिलॅबस लादतील. याला विरोध करायलाच हवा. (होमस्कूलिंग करणारं एक जोडपं)

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, फ्रान्सचं आत्ताच सांगितलं, कळवण्यापासून परवानगीपर्यंतचा प्रवास झालाच तिथे.

तरी पण जरा ऐका. अमेरिकेत १९९३ पासून सगळ्या ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे पण नियमांचं म्हणाल तर दोन टोकं. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा प्लॅन द्या, दर तिमाहीला रिपोर्ट द्या, वर्षाअखेर मूल्यमापन करा. टेक्सासमध्ये कोणाला सांगायचीही गरज नाही. आता न्यूयॉर्कचा कागदांचा ढीग बघून मलाही धाप लागते, पण टेक्सासच्या पद्धतीत एक भोक आहे. जे मूल कधी शाळेत गेलंच नाही ते आहे हे तरी कोणाला कळणार? डॉक्टरकडे नेलं नाही, नातेवाईक लांब, मग त्या मुलाला घराबाहेरचं एकही माणूस ओळखत नाही असं होऊ शकतं.

कनेटिकटमध्ये २०१८ ला बालहक्क पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने एक पाहणी केली, सहा शालेय जिल्ह्यांत तीन वर्षांत होमस्कूलिंगसाठी शाळेतून काढलेली ३८० मुलं तपासली, त्यातली १३८ मुलं अशा घरांतली निघाली ज्यांच्याबद्दल छळाची किंवा हेळसांडीची निदान एक तक्रार आधी नोंदवून घेतलेली होती. याचा अर्थ होमस्कूलिंगवाले मुलांना छळतात असा अजिबात होत नाही, तक्रार म्हणजे दोष सिद्ध नव्हे आणि सहाच जिल्हे होते. अर्थ एवढाच की कोणाला मूल लपवायचंच असेल तर "घरी शिकवतोय" हे वाक्य फार सोयीचं पडतं, आणि त्या लोकांमुळे तुमच्यासारख्यांचं नाव खराब होतं. इंग्लंडमध्येही मुलांना शिक्षण "शाळेत किंवा अन्यथा" द्या एवढ्या एका "अन्यथा"वर १९४४ पासून होमस्कूलिंग उभं आहे, आणि तिथेही डिसेंबर २०२४ ला मांडलेल्या विधेयकात शाळेत नसलेल्या मुलांचं रजिस्टर आलं.

माझी रेघ इथे आहे : नाव नोंदवा, आणि वर्षातून एकदा घराबाहेरच्या कोणीतरी मुलाला भेटावं, बोलावं ते मुलाशी, आईवडिलांशी नव्हे. याच्यापुढे सिलॅबस, टाइमटेबल, अमुकच पुस्तक, हे मागायला आले तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. आमच्याकडे ती दोन वर्षं तपासायला यायचा त्या अधिकाऱ्याला धाकट्याशी बोलायचंच नसायचं, फक्त वह्या मोजायचा. तसल्या तपासणीला काय अर्थ!

प्रश्न : मी १४ वर्षांची आहे. लहानपणापासून घरीच शिकले. मला आता शाळेत जायचंय. आईबाबा म्हणतात शाळेत मुलं बिघडतात. मला काही बोलायचा हक्क आहे का?

तुझा मेल मी तीनदा वाचला. आधी तुझ्याच वयाच्या मुलांची एक गोष्ट. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात विस्कॉन्सिन राज्यातल्या आमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, केस होती. ते म्हणत होते, आमच्या धर्माप्रमाणे आठवीपर्यंत शाळा पुरे, राज्य म्हणत होतं १६ वयापर्यंत शाळेत पाठवा. पाच पाच डॉलर दंड झाला होता तिथपासून भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. आमिश जिंकले. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत लिहिलं की अहो, सगळे आईवडिलांच्या हक्काबद्दल बोलताय, मुलांना कोणी विचारलंय का? त्या मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. बाकीच्यांना पुढे पियानो वाजवायचा असेल, अंतराळात जायचं असेल, तर? त्या दिवशी त्यांचं मत एकट्याचं पडलं. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आलं, की स्वतःबद्दलच्या गोष्टींत मुलाला मत मांडता यायला हवं आणि वय आणि समज बघून त्याला वजन द्यायला हवं. तेव्हा हो, तुला हक्क आहे.

पण लगेच कायदा दाखवायला जाऊ नकोस, त्याने घरात फक्त दारं आपटतील. तुला शाळेत काय हवंय ते कागदावर लिही, मैत्रिणी, लॅब, खेळ, की नुसतं घराबाहेर पडायचंय, जे असेल ते. मग एका टर्मपुरतं जाऊन बघते असं विचार, कायमचं नको, कारण "बघू तरी" ला नाही म्हणणं आईबाबांना अवघड जातं. तरीही ऐकलं नाही तर घरातली एखादी मोठी व्यक्ती शोध, मावशी, काका, आजोबा, ज्यांचं तुझे आईबाबा ऐकतात. आणि घरी फक्त शाळेचाच प्रश्न नसेल, भीती वाटत असेल, बाहेर जाऊ देत नसतील, तर मला परत लिही आणि तेही स्पष्ट लिही, मग आपल्याला वेगळ्या माणसांची मदत घ्यावी लागेल.

प्रश्न : आम्ही सिलॅबस वगैरे पाळत नाही, मुलाला आवडेल ते शिकवतो. उद्या कोणी तपासायला आलं तर दाखवू काय?

खोकं घ्या एक. मुलाने केलेलं जे जे असेल, हिशेब, चित्र, अर्धवट सोडलेली गोष्ट, बिघडलेला प्रयोग, टाका त्यात, मागे तारीख लिहा. छान छान तेवढंच निवडून ठेवू नका, मार्चमधलं चुकलेलं गणित आणि नोव्हेंबरमधलं तेच गणित बरोबर, हे शेजारी शेजारी दिसलं की बघणाऱ्याला कळतं. वाचलेल्या पुस्तकांची यादी मुलालाच लिहू द्या, अक्षर कसंही असू दे.