सिम्युलेशनमधला ऑप-ॲम्प (दोन इनपुटमधला फरक प्रचंड वाढवणारा ॲम्प्लिफायर) ±१५ व्होल्टच्या सप्लायवर ५०० व्होल्ट आउटपुट का दाखवतो?

कारण तुम्ही नुसता व्होल्टेज-नियंत्रित सोर्स टाकून त्याला २ लाखांचा गेन (पटीत वाढ) दिलाय. त्या बिचाऱ्याला सप्लाय काय असतो हेच ठाऊक नाही. इंदूरच्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला खरा ७४१ ऑप-ॲम्प मात्र १४ व्होल्टच्या आसपास मुकाट्याने क्लिप होतो, म्हणजे तिथेच थांबतो.

वर्तन-मॉडेल (आतलं सर्किट न मांडता फक्त वागणूक दाखवणारं मॉडेल) असं बांधा: इनपुटमधल्या व्होल्टेज-फरकावर चालणारा १ मिलिसीमेन्सचा (दर व्होल्टला १ मिलिअँपिअर) करंट सोर्स, त्याच्या आउटपुटला २०० मेगाओहमचा रेझिस्टर आणि समांतर १५९ पिकोफॅरडचा कपॅसिटर. गेन २ लाख, पोल (जिथून गेन घसरायला लागतो) ५ हर्ट्झवर, युनिटी गेन (गेन १ उरतो ती जागा) १ मेगाहर्ट्झला. पुढे १ गेनचा बफर आणि ७५ ओहमचा आउटपुट रेझिस्टर.

स्ल्यू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) हवाय? करंटला ८० मायक्रोअँपिअरची मर्यादा घाला: ८० मायक्रोअँपिअर × टॅनएच(इनपुट फरक/८० मिलिव्होल्ट); टॅनएच (tanh) हे ±१ च्या आत हळुवार सपाट होणारं गणिती फंक्शन. उतार तोच १ मिलिसीमेन्स राहतो आणि ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आपोआप मिळतो. इफ-एल्सची धारदार अट नको, सिम्युलेटर तिथेच अडतो आणि टाइमस्टेप फार लहान झाल्याची तक्रार करतो.

सगळ्यात जास्त गफलत क्लॅम्पमध्ये, म्हणजे व्होल्टेज सप्लायच्या आत अडवणाऱ्या डायोडमध्ये होते. डायोड आउटपुटला लावू नका, कपॅसिटरच्या नोडलाच लावा. नाहीतर तो नोड आतल्या आत १६ हजार व्होल्टकडे सरकत राहतो (८० मायक्रोअँपिअर × २०० मेगाओहम), आणि सॅच्युरेशनमधून (आउटपुट मर्यादेला टेकलेल्या अवस्थेतून) बाहेर यायला मॉडेल युगं लावतं.

बॉयल आणि सहकाऱ्यांच्या १९७४च्या ऑप-ॲम्प मॅक्रोमॉडेलमध्ये (सुटसुटीत केलेल्या मॉडेलमध्ये) इनपुटला खरेखुरे दोन ट्रान्झिस्टर होते. बायस करंटही (इनपुट पिनांमधून वाहणारा छोटा करंट) बघायचा असेल तर तेच वापरा. साध्या फिल्टरसाठी वरचं पुरतं.