सिलिका जेलच्या बेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पूड किती टक्के मिसळावी?

तुमच्या अ‍ॅड्सॉर्प्शन चिलरचा (सिलिका जेलमध्ये पाण्याची वाफ शोषवून आणि मग जेल तापवून ती सोडवून गारवा करणाऱ्या यंत्राचा) बेड, म्हणजे जेलच्या दाण्यांचा थर, लवकर तापत-निवत नाही म्हणून तुम्ही पुडीचं प्रमाण विचारताय. माझं उत्तर: मिसळूच नका.

याच पुडीवरून मी वरिष्ठांशी भांडलोय. चिलर बनवणाऱ्या एका कंपनीत चाचण्यांचं काम माझ्याकडे होतं. साहेबांनी जेलमध्ये पूड कालवून उघड्या हवेत उष्णतेची वाहकता मोजली, आकडा वाढलेला दिसला आणि तोच अहवालात गेला. अहो, पण बेड चालतो व्हॅक्यूममध्ये! आत नुसती पाण्याची वाफ. इव्हॅपोरेटर (पाण्याची वाफ होते तो भाग) १० अंशांवर असेल तर तिचा दाब जेमतेम १.२ किलोपास्कल. दाण्यांच्या फटींतून हवा जेवढी उष्णता नेते, तेवढी ही विरळ वाफ नेत नाही. हे मीटिंगमध्ये बोललो तर "पुस्तकी बोलू नकोस" म्हणून मला गप्प केलं.

मग मी एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फिनला, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीला लावलं, दुसरं दोन फिन्सच्या मधोमध दाण्यांत खुपसलं, व्हॅक्यूम ओढला आणि गरम पाणी सोडलं. फिन लगेच तापली, मधले दाणे कितीतरी वेळ थंडच. पूड घातलेला बेड आणि साधा बेड यांत फरक शोधावा लागत होता. वर बारीक पूड हादऱ्यांनी तळाशी जाऊन बसली आणि तिथे वाफेची वाट तिनेच अडवली.

थोड्या प्रमाणातले सुटे कण एकमेकांना टेकून सलग साखळी करत नाहीत. घनफळाच्या १० टक्के गोल कण घाला, तांब्याचे घाला की चांदीचे, मिश्रणाची वाहकता काढायच्या मॅक्सवेलच्या सूत्राने ती फार तर एक-तृतीयांशाने वाढते. दाणेदार जेलची मुळात ०.१ ते ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन, त्यात एवढ्याने काय भागणार? उलट दर सायकलला तो धातूही तापवायचा आणि निववायचा. सीओपी (दिलेल्या उष्णतेच्या तुलनेत मिळणारा गारवा) आधीच ०.५च्या आसपास, तो आणखी घसरतो.

पैसे फिन्सवर घाला. दोन फिन्समधलं अंतर कमी करा, नाहीतर बाइंडर वापरून जेल फिनवरच चिकटवा. दाणा आणि धातू जिथे नुसते टेकतात, तिथे उष्णता खूप अडते. लेप मात्र पातळच हवा, जाड झाला की वाफ आत शिरत नाही.

फुगवलेल्या ग्राफाइटची गोष्ट वेगळी, त्याचं जाळं सलग असतं. कार्बनमध्ये अमोनिया शोषवणाऱ्या चिलरला ते चालतं, कारण तिथे दाब भरपूर असतो. पाण्याच्या बेडमध्ये त्याच्या घट्ट विटा दाबल्या तर वाट बुजते.

कोणी पुडीची टक्केवारी सांगितलीच, तर त्याने व्हॅक्यूममध्ये मोजलंय का ते विचारा. हवेतला आकडा दाखवला तर घेऊ नका.