शेणखत 'सडलेलं' की 'कुजलेलं'?

मोहोळहून एकांनी विचारलंय: जाहिरातीत 'पूर्ण सडलेलं शेणखत' असं वाचलं, आमच्याकडे तर 'कुजलेलं' म्हणतात, बरोबर काय?

'कुजलेलं'च म्हणा. 'सडलेलं' हे हिंदीतल्या 'सडी हुई खाद'वरून उचललेलं दिसतं. मराठीत कांदाचाळीतला कांदा सडतो, पावसात सापडलेली द्राक्षं सडतात. मुद्दाम करतात ते कुजवणं: पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवायचं, वाखासाठी, म्हणजे दोरांच्या धाग्यासाठी, अंबाडी कुजत घालायची. (दारूवाल्यांचा मोहाचा 'सडवा' तेवढा अपवाद.) पण 'कूज' चांगली नि 'सड' वाईट अशी सरळ वाटणीही नाही, 'मूळकूज', 'खोडकूज' हे रोगच आहेत. खरी गंमत रूपात आहे. 'कुजका' कांदा फेकायचा, 'कुजलेलं' खत रानात टाकायचं. 'कुजकं खत' कुणी म्हणत नाही.

उकिरड्यात मात्र दोन्ही घडू शकतं. ओल आणि हवा दोन्ही मिळाली की ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो, तणाचं बी मरतं, आणि काही महिन्यांत काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. भारी काळ्या रानात खोल खड्डा घेतला नि त्यात पावसाचं पाणी तुंबलं, तर हवा कोंडते आणि नासक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. याला खुशाल सडणं म्हणा. सोलापुरी उन्हाळ्यात उलटं होतं: ढीग वाळतो नि कुजणं थांबतं. ओल बेताची आहे का ते पाहायला मूठभर घेऊन दाबा. हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये.

उसाच्या पाचटात नत्र फार कमी. म्हणून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकतात. युरिया चुकवला तर जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो.

'कच्चं' शेणखत म्हणजे कुजणं अर्धवट राहिलेलं. त्यात हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे अंडी घालतात, मुळांनाही चटका बसतो. पुस्तकी 'विघटन' हा शब्द या सगळ्याला पुरतो, फरक दाखवत नाही, म्हणून रानात त्याचा उपयोग नाही.

जाहिरातीतलं खत घ्यायचंच असेल तर थोडं ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत 3-4 दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबलं किंवा घाण वास आला, तर ते अजून कच्चं आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.