मन नसलं तरी धृपद धर

चि. बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. फोनवर बोलून भागेल असं त्यात काही नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

‘ज्या हातानं दादांनी जन्मभर विठोबापुढं पखवाज वाजवला, तोच हात देवानं घेतला. मग आभार कसले मानू?’ असं तू विचारलंस. विचार की, तो तुझा हक्क आहे. कुणी ‘असं बोलू नये’ म्हणालं तर तिकडं कान देऊ नकोस. आपल्या संप्रदायात देवाशी भांडण नवं नाही. जनाबाईनं विठोबाला ‘कारट्या’ म्हणून शिव्या घातल्या, आणि त्या शिव्यासुद्धा अभंग म्हणून आपण जपून ठेवल्या. तेव्हा राग आलाय तो देवळाबाहेर ठेवून येऊ नकोस, आत घेऊन ये.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. दादांचा हात देवानं घेतला असं मी मानत नाही, आणि कुठल्या पापाचं हे फळ आहे असं तर मुळीच मानत नाही. रक्तदाब वाढलेला होता, गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या, डोक्यात गुठळी अडकली आणि अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी तुला हेच सांगितलंय. म्हणून आजाराबद्दल देवाचे आभार मान, असं मी कधीच सांगणार नाही. आजारात जे हात मदतीला धावून आले त्यांच्याबद्दल मान. पहाटे शेजारच्या पोरानं टेम्पो काढला नसता तर काय झालं असतं? गुठळी विरघळवायचं ते इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. ते मिळालं, दादा घरी आले. पण त्या पोराच्या घरी तू अजून गेलेला नाहीस, असं तुझी आई म्हणाली. आधी तिथं जा. देवाचे आभार पुष्कळदा माणसाच्या उंबऱ्यावरच पोचते करावे लागतात.

आता तुकोबांचं बघ. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ हे लोक तुला ऐकवत असतील. ऐकवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी मला ते पटत नाही. ते मागं वळून पाहणाऱ्या माणसाचे बोल आहेत, आणि ज्याचं दिवाळं त्यानंच ते म्हणावेत. दुसऱ्याच्या दुःखावर ते आपण चिकटवायचे नाहीत. तुला लागू पडतो तो वेगळाच अभंग, ज्यात त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली आहे. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. दुकान बुडालं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. आणि मग काय केलं? मोडकळीला आलेलं देवाचं देऊळ नीट करावंसं वाटलं, ते केलं. एकादशीला कीर्तन धरलं. आणि लगेच कबूल करतात, ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. मन लागत नव्हतं. पुढं गाणारे गात होते, हे त्यांच्या मागं राहून धृपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, धरत होते.

बाळा, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. तू मन तयार व्हायची वाट बघतोयस. आधी मनात कृतज्ञता दाटेल, मग तोंडातून नाव येईल, असं तुला वाटतंय. आपल्या भजनात रीत उलटी आहे. टाळ आधी हातात येतो, मन त्याच्या मागनं येतं, कधी चार दिवसांनी, कधी वर्षानं. तोवर गाणारे दुसरे असतात. तू नुसतं धृपद धर.

गेल्या पावसाळ्यात आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात चढलं ते तुला आठवत असेल. लावणी उरकलेली, आणि रोप पाण्याखाली कुजून गेलं. त्या संध्याकाळी आपल्यातलाच एकजण हरिपाठाला आला. नखांत चिखल तसाच. खांबाला टेकून बसला, तोंडातून शब्द नाही, फक्त टाळ चालू. मध्येच टाळही थांबायचा, नि शेजारचा वाजवतोय म्हटल्यावर परत सुरू व्हायचा. दोन-तीन दिवस असंच चाललं. मग एका संध्याकाळी शेवटच्या अभंगाला त्याचा आवाज ऐकू आला, बारीक, फाटका. दुबार लावणीला पैसे कुठून आणायचे हा घोर त्या दिवशीही होताच. तो घोर सोबत घेऊनच तो गात होता.

आता घरातलं. दादांचं उजवं अंग गेलंय आणि वाचाही गेलीय, कारण दोन्हींचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो. पण अशा कितीतरी माणसांना बोलता येत नसलं तरी पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. वाचेवर उपचार करणारे याचा उपयोगही करून घेतात, त्यांना विचारून बघ. दादांना हरिपाठ लहानपणापासून तोंडपाठ. संध्याकाळी दिवा लावलास की त्यांच्या शेजारी बस आणि नेहमीच्या चालीत, सावकाश सुरू कर. ओळ अर्धी म्हणून थांब. उरलेली आली तर आली. नाही आली तर तूच पुरी कर, चेहरा पाडू नकोस. पखवाजाला कणीक लावून धूम, म्हणजे त्याची जाड आवाजाची डावी बाजू, त्यांच्या डाव्या हाताशी ठेव. तो हात शाबूत आहे आणि धूम तोच वाजवत आलाय. दादा बरेच होतील असं वचन मी देत नाही, ते माझ्या हातात नाही. पण तुमच्या घरातली संध्याकाळ मुकी राहू नये, एवढं तुझ्या हातात आहे.

हे गोळ्या आणि व्यायाम सांभाळून करायचं, त्यांच्या बदल्यात नव्हे. तुझ्या आईचाही रक्तदाब एकदा तपासून घे. रात्रीची जागरणं तीच काढतेय.

सोमवारी सकाळी मी घरीच आहे. शेताचा उतारा आणि नुकसानीचा अर्ज घेऊन ये. कानडीत भरायचं काही अडलं तर मी भरून देतो, मग दोघं मिळून तलाठ्याकडं जाऊ.

तुझा,
वीणेकरी काका