गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून विधानसभेवर सलग ११ वेळा निवडून आले होते का?

११ वेळा हे खरं, पण सलग नाही. १९६२ आणि १९६७ ला जिंकले, १९७२ ला हरले. मग १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि १९७८, १९८०, १९८५, १९९० असे टिकले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी पडले. पुढे १९९९, २००४, २००९, २०१४. मोजून बघा, ११ भरतात. पोटनिवडणूक धरायची राहिली की लोकांचा हिशोब १० वर अडकतो.

माझ्या मते आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही की प्रत्येक वेळी पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. राज्यभर शेकाप आटत गेला तरी त्यांनी खटारा, म्हणजे पक्षाचं चिन्ह, सोडला नाही. त्यामुळे बहुतेक काळ विरोधी बाकावरच गेला. मंत्रिपद मिळालं ते १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासरावांच्या आघाडीत.

मतं टिकली ती पाण्याच्या प्रश्नावर. तालुका कायमचा दुष्काळी. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेतून त्यांनी कृष्णेच्या पाण्याची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजनांमागे हा रेटा होता. जोडीला सहकारी सूतगिरणी, म्हणजे गावात रोजगार.

२०१९ ला ते स्वतः थांबले. नातू अनिकेत यांना उभं केलं, ते ७६८ मतांनी हरले. गणपतराव ३० जुलै २०२१ ला गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी जागा परत शेकापकडे आणली.