जुनं हँडहेल्ड जीपीएस घरच्या कंप्युटरला जोडलं तर काहीच दिसत नाही. ट्रॅक बाहेर कसा काढायचा आणि सॉफ्टवेअर कोणतं चांगलं?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी यंत्र बाजूला ठेवा आणि ट्रॅकच्या पानावरच्या ‘सेव्ह’ला हात लावू नका. ‘क्लिअर’ला तर अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की काकांचं गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स व्हिस्टा एचसीएक्स हाती आलंय आणि घरी विंडोज 11 आहे. केबल लावली की यंत्राला वीज मिळते, पण ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह उगवत नाही. आत हरिश्चंद्रगडाचा ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, आहे, आणि ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलंय की ‘आधी यंत्रातच सेव्ह करून घे, म्हणजे सुरक्षित राहील’. मी उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे. हा सल्ला मुंबईतल्या कितीतरी ट्रेकग्रुपांच्या चेकलिस्टमध्ये आहे आणि तुमच्या यंत्रापुरता तो साफ चुकीचा आहे.

ड्राइव्ह दिसत नाही हा बिघाड नव्हे. त्या पिढीची यंत्रं कंप्युटरशी गार्मिनच्या स्वतःच्या प्रोटोकॉलने बोलतात, पेनड्राइव्हसारखी नाहीत. सेटअपमधल्या इंटरफेसमध्ये जाऊन ‘यूएसबी मास स्टोरेज’ निवडलं तर ड्राइव्ह दिसतो, पण तो फक्त बॅटरीखालच्या मायक्रोएसडी कार्डाचा. यंत्राच्या अंतर्गत मेमरीतला ट्रॅक तिथे कधीच दिसणार नाही. खाचेत कार्डच नसेल तर मग बघायलाच नको.

ट्रॅकसाठी ड्रायव्हर लागतो. गार्मिनच्या साइटवरून बेसकॅम्प (त्यांचं कंप्युटरवरचं सॉफ्टवेअर) किंवा नुसता यूएसबी ड्रायव्हर आधी टाका, कंप्युटर रीस्टार्ट करा आणि मगच केबल लावा. उलट क्रमाने केलंत तर विंडोज त्याला अनोळखी वस्तू म्हणून नोंदवतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येऊन बसतं. मग तिथून ते अनइन्स्टॉल करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कुठल्या तरी जुन्या सीडीतला ड्रायव्हर टाकू नका. विंडोज 11 मध्ये मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण चालू असलं तर जुनी आवृत्ती अडवली जाऊ शकते. त्यासाठी ते संरक्षण बंद करत बसायचं नसतं, जुना ड्रायव्हर काढून ताजा टाकायचा असतो.

त्याआधी केबल तपासा. मिनी यूएसबीच्या बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. आत चारऐवजी दोनच तारा, 5 व्होल्ट आणि ग्राउंड. यंत्र सुरू होतं, प्लगचं चिन्ह येतं, आणि कंप्युटरला पत्ताही नसतो. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत. लॅमिंग्टन रोडवर ‘डेटा केबल’ म्हणून मागून आणलेलीही चार्जिंगची निघू शकते, म्हणून घरात मिनी यूएसबीची जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर तिची केबल लावून बघा. ती डेटाची असणारच, नाहीतर हार्ड डिस्क चालली नसती. हब मध्ये घालू नका, थेट कंप्युटरच्या पोर्टात लावा. यंत्राचं तोंडही बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात रबरी झाकण सैल झालं की पिनांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो निघतो.

आता ‘सेव्ह’ का नको ते. हे सांगायला एकाच फाइलची चिरफाड पुरे आहे. खुबी फाटा, खिरेश्वर, तोलार खिंड, वर मंदिर आणि त्याच वाटेने परत, असा दोन दिवसांचा ट्रॅक, तुमच्याच मॉडेलचा. नोंदवणाऱ्याने घरी येऊन चेकलिस्टप्रमाणे सेव्ह केलं, मग लॉग क्लिअर केला, मग कंप्युटरला जोडून फाइल काढली आणि ग्रुपवर वाटली. फाइल माझ्याकडे आली ती ‘गूगल अर्थवर रेषा दरीतून जाते, यंत्र खराब आहे का’ या प्रश्नासकट.

यंत्र ठणठणीत होतं. चालू लॉगमध्ये, म्हणजे चालताना यंत्र आपोआप करतं त्या नोंदीत, 10,000 बिंदू मावतात. सेव्ह केलं की यंत्र त्याची 500 बिंदूंची छाटलेली प्रत बनवतं आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसून टाकतं. पंचवीसेक किलोमीटरच्या चालीला 500 बिंदू म्हणजे सरासरी 50 मीटरला एक. धरणाच्या भिंतीवरून सरळ चालताना त्याने काही बिघडत नाही, छाटणी करताना यंत्र वळणं राखायचा प्रयत्नही करतं. पण तोलार खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर वाट पाच-दहा मीटरला वळते. तिथले मधले बिंदू उडाले की उरलेल्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा सरळ हवेतून जाते. उद्या कुणी धुक्यात या रेषेवर विसंबून चाललं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

वेळ गेल्याचं नुकसान त्याहून मोठं. वेळ नाही म्हणजे वेग नाही, थांबे नाहीत, खिंडीपर्यंत किती तास लागले ते नाही. कॅमेऱ्यातले फोटो नकाशावर बसवता येत नाहीत, कारण ते वेळेवरूनच जुळवले जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चुकार बिंदू ओळखता येत नाहीत. कड्याच्या भिंतीवरून उसळून आलेला सिग्नल बिंदूला 60-70 मीटर बाजूला फेकतो. बिंदूंवर वेळ असेल तर माणूस दोन सेकंदांत 60 मीटर गेला हे अशक्य आहे असं लगेच दिसतं आणि तो बिंदू काढता येतो. वेळ नसेल तर तो कोपरा खरा की खोटा, देव जाणे. याच फाइलमध्ये मंदिराच्या जवळ असा एक दात होता, आणि ग्रुपमधले लोक त्याला ‘वेगळी वाट’ समजून चर्चा करत होते!

लॉग क्लिअर झालेला असल्यामुळे मूळ नोंद परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दोन-तीन सॉफ्टवेअरं बदलून बघितली म्हणे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून क्रम असा: यंत्र सुरू करा, मास स्टोरेज बंद ठेवा, केबल लावा, बेसकॅम्पमध्ये यंत्राकडून डेटा मागवा. ‘अ‍ॅक्टिव्ह लॉग’ आणि त्यापुढे 001, 002 असे आकडे लागलेले तुकडे येतील. सिग्नल तुटला किंवा यंत्र बंद झालं की नवा तुकडा सुरू होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळे तुकडे निवडून जीपीएक्समध्ये (ट्रॅक साठवायचा फाइलप्रकार) एक्स्पोर्ट करा. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि प्रत्येक बिंदूखाली उंची व वेळ दोन्ही आहेत ना ते डोळ्यांनी बघा. मूळ फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा, तिला कधीही हात लावू नका, साफसफाई प्रतीवर करा. यंत्रातला लॉग यानंतरच क्लिअर करायचा.

बेसकॅम्प रुसलं तर जीपीएसबेबल. फुकट आहे, रॉबर्ट लाइप यांनी सुरू केलेलं, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांशीही बोलतं. इनपुटला फाइलऐवजी डिव्हाइस निवडा, फॉरमॅट गार्मिन सिरीयल/यूएसबी, पोर्ट यूएसबी, खूण फक्त ट्रॅकवर, आउटपुट जीपीएक्स. केएमएल नको. केएमएल गूगल अर्थला दाखवायला ठीक, जपायला जीपीएक्सच.

वेळ बघताना दचकू नका, जीपीएक्समध्ये ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. पहाटे 5 वाजता खिरेश्वर सोडलं असेल तर फाइलमध्ये आदल्या दिवसाचे रात्री 11:30 दिसतील. साडेपाच तास मिळवा. तारीख मात्र जवळजवळ वीस वर्षं मागची दिसत असेल तर कारण वेगळं. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा 1024 आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा आला 6 एप्रिल 2019 ला, आणि काही जुन्या यंत्रांना ते कळत नाही. आधी फर्मवेअर अपडेट बघा. अपडेट नसेल तर जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरमध्ये वेळ 7,168 दिवसांनी पुढे सरकवता येते.

या सगळ्यातून सुटायचा खरा उपाय त्या यंत्रातच आहे आणि तो जवळजवळ कुणी वापरत नाही. ट्रॅक्सच्या सेटअपमध्ये ‘डेटा कार्ड सेटअप’ उघडा आणि ‘लॉग ट्रॅक टु डेटा कार्ड’वर खूण करा. मग यंत्र रोजची एक जीपीएक्स फाइल, नावात तारीख घालून, थेट कार्डावर लिहीत जातं. बिंदू पूर्ण, वेळेसकट. आतला लॉग क्लिअर केला तरी कार्डावरची फाइल राहते. घरी आल्यावर कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं, फाइल कॉपी करायची. ड्रायव्हर नको, केबल नको, विंडोजची मनधरणी नको. कार्ड 2 जीबीचं साधं घ्या, जुन्या यंत्रात तेच बिनतक्रार चालतं. ते बॅटरीखाली बसतं, त्यामुळे कार्ड काढ-घाल करताना यंत्र बंद हवं.

तिथेच नोंदीची पद्धत ‘टाइम’ करून 10 सेकंद ठेवा. एका सेकंदावर ठेवलंत तर 10,000 बिंदू पावणेतीन तासांत भरतात, आणि ‘रॅप व्हेन फुल’ चालू असल्यामुळे जुने बिंदू गुपचूप पुसले जातात. म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत पायथा गायब. 10 सेकंदांवर साधारण 28 तासांची चाल बसते.

नकाशाचं थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनसाठीचे फुकट नकाशे मिळतात. फाइल कार्डावरच्या ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये टाका. नाव ‘जीमॅपसप’ (शेवटी पी दोनदा) आणि एक्स्टेन्शन आयएमजी, हेच हवं, दुसरं नाव तुमचं यंत्र वाचत नाही. त्यामुळे एका वेळी एकच फाइल. टाकताना कार्ड रीडर वापरा, यंत्रातून टाकायला गेलात तर चहा पिऊन झाला तरी संपणार नाही.

कंप्युटरवरून वेपॉइंट (नकाशावर खूण केलेली जागा) टाकणार असाल तर आकड्यांची पद्धत जुळवा. गार्मिनची मूळ पद्धत अंश आणि दशांश मिनिटांची, कंप्युटरवरची बहुतेक सॉफ्टवेअरं दशांश अंश मागतात. हरिश्चंद्रगड साधारण 19 अंश 23.2 मिनिटं उत्तर, 73 अंश 46.6 मिनिटं पूर्व. दशांशात ते 19.3867 आणि 73.7767. कुणी घाईत 19.232 आणि 73.466 असं भरलं तर गड 17 किलोमीटर दक्षिणेला आणि 32-33 किलोमीटर पश्चिमेला सरकून मुरबाडजवळ जाऊन बसतो. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो, डब्ल्यूजीएस 84 च राहू द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि आपल्या भागात त्यामुळे शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट बसवताना सोडवा, यंत्रात नको. कड्याच्या कडेला शंभर मीटर म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

उंचीबद्दल: व्हिस्टामध्ये बॅरोमीटर आहे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की आठ-नऊ मीटर इकडेतिकडे. मुंबईत घरी जुळवून निघालात आणि वाटेत पावसाची हवा झाली तर तो फरक वर दिसणारच. पायथ्याला टोपोशीटवरची उंची बघून पुन्हा जुळवा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. यूएसबीने यंत्र चालतं, पण आतले एए सेल चार्ज होत नाहीत. आणि हे वापरून आवडलं म्हणून उद्या परदेशातल्या नातेवाइकाकडून नवं मागवाल, तर इनरीच असलेलं मागवू नका. त्यात उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असते, आणि परवान्याशिवाय तसं यंत्र भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे. विमानतळांवर लोक पकडले गेले आहेत. नुसत्या जीपीएस रिसीव्हरला ती अडचण नाही.

आता चेकलिस्टवाल्यांच्या बाजूने एक सांगतो. 2011 मध्ये आलेल्या ईट्रेक्स 10, 20, 30 पासून हे गणित बदललं. ती यंत्रं जोडली की सरळ ड्राइव्ह दिसतो, आत ‘गार्मिन’ आणि त्यात ‘जीपीएक्स’ फोल्डर, आणि सेव्ह केलेल्या ट्रॅकमध्ये वेळ शाबूत असते. तिथे खुशाल सेव्ह करा. म्हणजे ‘उतरल्यावर सेव्ह करा’ ही ओळ त्या यंत्रांपुरती बरोबरच आहे. फक्त तिच्यापुढे कंसात मॉडेलचं नाव घाला, आणि व्हिस्टावाल्यांसाठी खाली दुसरी ओळ लिहा.