वाचकांचे प्रश्न : प्रयोगाविना संशोधन

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम. ए. करत आहे. लघुप्रबंधासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोबाइल-वापर आणि झोप यांचे सर्वेक्षण करणार आहे. 'प्रयोग नसेल तर निष्कर्षाला वजन नाही,' असे वर्गमित्र म्हणतात. अप्रायोगिक पद्धतींचा अभ्यास कुठून सुरू करावा?

उत्तर : वर्गमित्रांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. माणसाच्या मेंदूचा भाग प्रयोगासाठी काढता येत नाही. परंतु 1953 मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेनंतर 'एच. एम.' या रुग्णाची नव्या घटना लक्षात ठेवण्याची क्षमता गेली आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारत गेला, पण हे काम आधी केल्याचे त्याला आठवत नसे. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे या एका व्यक्ती-अभ्यासाने ठळक केले.

आपल्या सर्वेक्षणाची अडचण निराळी आहे. मोबाइलमुळे झोप उडते, झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला जातो, की परीक्षेच्या चिंतेमुळे दोन्ही घडते, हे एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एरॉन आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी मुळातून वाचावा. तिसरीतल्या मुलग्यांची हिंसक दूरदर्शन कार्यक्रमांची आवड आणि दहा वर्षांनंतरची आक्रमकता यांच्यातील सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचे माप; 0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) 0.31 होता, उलट दिशेने, म्हणजे आधीची आक्रमकता आणि नंतरची आवड यांच्यातील, केवळ 0.01. दिशेचा अंदाज आला, तरी तिसऱ्या घटकाची शंका पुरती फिटली नाही. आपणही मोजमाप सत्रात दोनदा करावे, चिंतेची मापनश्रेणी (चिंता किती आहे हे मोजणारी प्रश्नावली) सोबत द्यावी आणि अहवालात 'संबंध आढळला' एवढेच लिहावे. सहसंबंधाच्या प्रबंधांवर 'परिणाम' हा शब्द सर्रास छापलेला दिसतो, त्याचे अनुकरण करू नये.

सुरुवात मात्र प्रश्नावलीने न करता निरीक्षणाने करावी, असे माझे मत आहे. शाळेची व पालकांची परवानगी घेऊन मधल्या सुट्टीत मैदानावर एका मुलाकडे दहा मिनिटे पाहावे आणि दर तीस सेकंदांनी 'आक्रमक वर्तन : आहे किंवा नाही' अशी खूण करावी. मैत्रिणीने त्याच वेळी स्वतंत्रपणे नोंद करावी. कबड्डीतली ओढाताण आक्रमक धरायची का, रांगेत दिलेला धक्का मोजायचा का, यावर लगेच मतभेद होतील. व्याख्या पुन्हा लिहावी लागेल. जेकब कोहेन यांचा 1960 मधील कापा गुणांक केवळ योगायोगाने जुळलेल्या खुणा वजा करून सहमती सांगतो, आणि तो स्वतःच्या नोंदींवर काढून पाहिल्याशिवाय त्याची गरज पटत नाही.

या सरावानंतर आपली प्रश्नावली पुन्हा वाचावी. 'तुम्ही साधारण किती तास झोपता?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर अंदाजाचेच असते. त्याऐवजी आठवडाभराची झोपेची नोंदवही द्यावी आणि ती रोज सकाळी उठताच भरायला सांगावी.